मालक पुण्यात, मैदान ब्लॅकबर्नमध्ये

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त मँचेस्टरला असतो. तो सांगतो, जवळच्या ब्लॅकबर्न गावात आपल्या पुण्याच्या व्यंकीज कंपनीचं नाव काढलं तरी लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. कोंबड्या-अंडीवाल्या कंपनीने इंग्लंडमधला फुटबॉल क्लब घेतला कशाला, आणि घेऊन असं काय बिघडवलं? शिवाय लोकांना एवढे नकोसे झालेत, तर विकून मोकळे का होत नाहीत?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपण तीन प्रश्न विचारलेत. पहिल्याचं उत्तर दोन ओळींत संपतं, दुसऱ्याला जरा बैठक मारावी लागेल, आणि तिसऱ्यावर ब्लॅकबर्नची मंडळी पंधरा वर्षं डोकं आपटून घेत आहेत.

आधी क्लबाची ओळख. ब्लॅकबर्न रोव्हर्स 1875 सालचा. 1888 मध्ये जगातली पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा क्लबांपैकी तो एक, आणि 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हाही तो होताच. अर्धा निळा, अर्धा पांढरा शर्ट ही त्याची खूण. ईवूड पार्क हे मैदान 1890 पासून त्यांचं घर. गाव लँकेशायरमधलं, कापडगिरण्यांचं, वस्ती लाख-सव्वा लाखाची. म्हणजे आपल्याकडे जेमतेम तालुक्याचं गाव झालं असतं, आणि तिथला क्लब इंग्लंडचा विजेता झालेला!

हे घडलं जॅक वॉकर या गृहस्थामुळे. गावचाच माणूस, पोलादाच्या धंद्यात गडगंज झालेला, लहानपणापासून रोव्हर्सचा भक्त. 1991 मध्ये त्याने क्लब ताब्यात घेतला, केनी डाल्ग्लिशला व्यवस्थापक म्हणून आणलं, ॲलन शिअररला विकत घेतलं, मैदान नवं बांधलं. 14 मे 1995 रोजी शेवटच्या सामन्यात रोव्हर्स लिव्हरपूलकडून 2-1 हरले, पण त्याच वेळी तिकडे मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमशी बरोबरीवर समाधान मानावं लागलं, आणि हरलेल्या संघाने मैदानावरच करंडकाचा जल्लोष सुरू केला. 2000 साली वॉकर वारला. आज त्याचा पुतळा मैदानाबाहेर उभा आहे. नव्या मालकाकडे ब्लॅकबर्नचे लोक कोणत्या मापाने पाहतात हे समजायचं तर हा वॉकर ध्यानात ठेवायला हवा. हे माप अवघड आहे, हेही कबूल करू. गावचा कोट्यधीश पोटच्या पोरासारखा क्लब सांभाळतो, असं दर पिढीत घडत नाही.

वॉकरच्या पश्चात त्याच्या ट्रस्टने क्लब सांभाळला आणि 2010 च्या नोव्हेंबरमध्ये तो व्यंकीजला विकला. किंमत 2 कोटी 30 लाख पौंड, शिवाय डोक्यावरचं कर्ज. प्रीमियर लीगमधल्या क्लबाची ही पहिली भारतीय मालकी. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये सुरू केलेला हा उद्योग. भारतातल्या कुक्कुटपालनाला आधुनिक वळण लावणारा माणूस म्हणून त्यांचं नाव घेतात, ते उगीच नव्हे. दूरदर्शनच्या काळात रोज अंडी खायला सांगणारी जी जाहिरात घराघरात पोहोचली, तिच्यामागच्या अंडी समन्वय समितीचे जनकही तेच. त्यांच्या कन्या अनुराधा देसाई आणि मुलगे वेंकटेश राव व बालाजी राव यांच्या हाती आता कारभार होता. क्लब कशाला, याचं उत्तर सरळ होतं : नाव जगभर व्हावं. प्रीमियर लीगचे सामने जिथे जिथे दिसतात तिथे तिथे व्यंकीज दिसावं. ब्रिटनच्या टीव्हीवर त्यांनी जाहिरातही केली. खेळाडू कपडे बदलायच्या खोलीत बसून चिकन खात आहेत, असं दृश्य. जाहिरात साधीसुधी होती, पण नंतर जे घडलं त्यामुळे ती ब्लॅकबर्नच्या लोकांना आयुष्यभर टोचणार आहे.

आता बिघडलं काय ते. ताबा घेऊन महिना होतो न होतो तोच, डिसेंबरात, त्यांनी सॅम अ‍ॅलर्डाइसला काढून टाकलं. संघ तेव्हा तेराव्या क्रमांकावर होता. त्या आकाराच्या क्लबाला तेरावा क्रमांक म्हणजे सुखाचा संसार. त्याच्या जागी आला स्टीव्ह कीन, ज्याने तोवर एकाही मोठ्या संघाची धुरा सांभाळली नव्हती. जानेवारीत रोनाल्डिन्होला आणण्याच्या वार्ता झडल्या. तो ब्राझीलला परत गेला. जुने संचालक बाजूला पडले, अध्यक्ष जॉन विल्यम्स काही महिन्यांतच गेले. ज्यांना क्लब कसा चालतो हे ठाऊक होतं, नेमकी तीच माणसं निघून गेली. माझ्या मते सगळ्यात महागात पडली ती ही गोष्ट. कीनची नेमणूक, हरलेले सामने, हे सगळं तिच्यानंतरचं.

2011 च्या ऑक्टोबरमध्ये संघ पुण्यातही येऊन गेला. बालेवाडीला पुणे एफसीशी मैत्रीपूर्ण सामना झाला, रोव्हर्सने तो जिंकला. लीगचा मोसम ऐन रंगात, संघ तळाशी, आणि खेळाडू जाहिरातीसाठी विमानात! ब्लॅकबर्नच्या लोकांनी त्या दौऱ्याबद्दल जे तोंडसुख घेतलं ते इथे छापण्याजोगं नाही.

7 मे 2012 रोजी घरच्या मैदानावर विगनकडून 0-1 असा पराभव झाला आणि प्रीमियर लीगमधून गच्छंती पक्की झाली. त्या सामन्यात कुणी तरी एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. तिच्या अंगावर रोव्हर्सचा निळा-पांढरा झेंडा गुंडाळलेला होता. पावसाळी संध्याकाळ, खेळ थांबलेला, आणि ती बिचारी हिरवळीवर सैरावैरा धावते आहे. दुसऱ्या दिवशी हे छायाचित्र सगळीकडे झळकलं. एवढ्या बोलक्या निषेधात मला तरी त्या कोंबडीचीच जास्त दया आली.

पुढचा मोसम म्हणजे तर कहरच. कीन सप्टेंबरात गेला. हेनिंग बर्ग आला, तो 57 दिवस टिकला. मग मायकेल ॲपलटन, त्याची सद्दी 67 दिवसांची. बर्ग नुकसानभरपाईसाठी कोर्टात गेला, तेव्हा क्लबने असा बचाव घ्यायचा प्रयत्न केला की, बर्गला तसा करार देण्याचा अधिकार आमच्याच व्यवस्थापकीय संचालकाला नव्हता. न्यायाधीशांनी तो मानला नाही आणि क्लबला साडेबावीस लाख पौंड मोजावे लागले. आपल्या क्लबात निर्णय घेतो कोण, हे क्लबलाच कोर्टात धड सांगता येत नाही! लोकांच्या संतापाचं मूळ शोधायचं तर या एका प्रकरणाची कागदपत्रं पुरेशी आहेत.

2017 च्या मे महिन्यात रोव्हर्स आणखी एक पायरी घसरले. शेवटचा सामना त्यांनी ब्रेंटफर्डला 3-1 असा जिंकला होता; नॉटिंगहॅम फॉरेस्टचे गुण तेवढेच झाले आणि गोलफरकाने घात केला. प्रीमियर लीग जिंकलेला एखादा संघ तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ती पहिलीच वेळ. वर्षभरात टोनी मोब्रेने संघाला परत वर आणलं, आणि तेव्हापासून क्लब दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये, आहे. जखमेवर मीठ म्हणाल तर व्यंकीज आल्यापासून शेजारचा, हाडवैरी बर्नली क्लब चार वेळा प्रीमियर लीगमध्ये चढला.

इथे व्यंकीजच्या बाजूचंही बोलायला हवं, कारण इंग्लंडमधल्या रागाच्या भरात ते हरवतं. त्यांनी क्लबातून पैसा ओरबाडला नाही. उलट ओतला. आजवरचा आकडा 20 कोटी पौंडांच्या वर सांगतात, म्हणजे दोन हजार कोटी रुपयांहून जास्त. मँचेस्टर युनायटेडच्या ग्लेझर कुटुंबाने 2005 मध्ये क्लब घेतला तो बराचसा कर्ज काढून, आणि ते कर्ज क्लबाच्याच डोक्यावर ठेवलं. पुण्याच्या मालकांवर तो आरोप कुणी करू शकत नाही. ब्लॅकबर्नची तक्रार वेगळी आहे : मालक दिसत नाहीत. वर्षानुवर्षं ईवूड पार्ककडे फिरकत नाहीत, बोलत नाहीत, विचारलं तर उत्तर येत नाही. वॉकर मैदानावर दिसायचा; हे खुलाशाच्या दोन ओळींतही भेटत नाहीत. दरवर्षी न चुकता चेक पाठवला म्हणजे मालकाचं कर्तव्य संपलं असं पुण्यात वाटत असेल, तर गैरसमज तिथेच आहे.

आणि अलीकडे तो चेकही अडला. परकीय चलन कायद्याखाली ईडीने चौकशी सुरू केल्यामुळे 2023 पासून पुण्याहून ब्लॅकबर्नला पैसे पाठवायचे तर दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी आणि बँक हमी लागू लागली. चौकशी म्हणजे दोष शाबीत झाला असं नव्हे. पण दिल्लीतल्या तारखेवर लँकेशायरमधल्या संघाची खरेदी अडते, हे तिथल्या चाहत्याला कसं समजावणार? याच काळात ॲडम व्हार्टन विकला गेला. सहाव्या वर्षापासून क्लबात वाढलेला, गावातलाच पोरगा. 2024 च्या फेब्रुवारीत तो क्रिस्टल पॅलेसला गेला आणि चार-पाच महिन्यांत इंग्लंडच्या युरो संघात होता. वर्षभराने संघ पाचवा असताना व्यवस्थापक जॉन यूस्टेस स्वतःहून उठून डर्बीला गेला, जो क्लब तेव्हा घसरणीच्या पट्ट्यात होता. माणूस पाचव्या क्रमांकावरून उठून बुडत्या नावेत जाऊन बसतो, याचा अर्थ लोकांनी लावायचा तो लावला. रोव्हर्स त्या मोसमात सातवे आले, बढतीच्या प्लेऑफला 2 गुण कमी पडले. त्याच मे महिन्यात महिलांचा संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतल्याचं जाहीर झालं, तेव्हा पुरुषांचे सामने सोडून दुसरं काही न पाहणारेही खवळले.

मग विकत का नाहीत? एक तर, विकायचं आहे असं ते म्हणतच नाहीत. दुसरं, घेणार कोण? चॅम्पियनशिपमधला क्लब हा धंदा म्हणून आतबट्ट्याचा. प्रीमियर लीगमध्ये तळाच्या क्लबालाही प्रक्षेपणाचे वर्षाला 10 कोटी पौंडांहून जास्त मिळतात. एक पायरी खाली त्याचा लहानसा तुकडा. तरी वर चढण्याच्या आशेने खेळाडूंना पगार वरच्यासारखे द्यावे लागतात. रोव्हर्स चालू ठेवायला मालकाला दरवर्षी दीड-दोन कोटी पौंड खिशातून घालावे लागत आले आहेत. म्हणजे नव्या माणसाने आधी क्लबाची किंमत मोजायची आणि मग दरवर्षी तोटा भरायचा. ज्यांनी 20 कोटी घातले ते दोन-चार कोटींत सोडायला तयार होत नाहीत, आणि त्याहून जास्त द्यायला शहाणा गिऱ्हाईक तयार होत नाही. जवळजवळ सगळे समभाग एकाच घराच्या हाती असल्याने सभेत कुणी मतदानाने पाडूही शकत नाही. चाहत्याच्या हाती भरपूर राग आहे, पण समभाग एकही नाही.

प्रश्न : मग सगळ्यांनी मिळून तिकिटंच काढू नयेत. गल्ला रिकामा पडला की मालक सुतासारखा सरळ येईल. इंग्रजांना एवढं साधं सुचत नाही?
– एक वाचक, सातारा

उत्तर : सुचतं, आणि करूनही पाहिलं. व्यंकीज आले तेव्हा घरच्या सामन्याला सरासरी 25 हजार माणसं यायची. काही वर्षांत आकडा निम्म्यावर आला. हजारोंनी पिढीजात हंगामी पास सोडले. पण गंमत अशी की, जो मालक वर्षाला दीड-दोन कोटी पौंड घालतो त्याला तिकिटांचे चार पैसे कमी आल्याने विशेष घाम फुटत नाही. फटका बसतो तो क्लबाला, संघाला, आणि सर्वात जास्त त्या माणसाला, जो शनिवारी दुपारी तीन वाजता घरी बसून रेडिओवर गोल ऐकतो. विश्वस्तांशी पटलं नाही म्हणून कुणी ग्रामदैवत बदलत नाही. बर्नलीचा पास काढणं हा ब्लॅकबर्नकराला पर्यायच नाही. शिवाय बहिष्कार घरात भांडणं लावतो. बाप म्हणतो जायचं नाही, पोरगा म्हणतो संघाचा काय दोष. जाणारे न जाणाऱ्यांना पळपुटे म्हणतात आणि न जाणारे जाणाऱ्यांना लाचार. मालक यात कुठेच नसतो.

म्हणून मधले मार्ग निघाले. 2016 च्या ऑक्टोबरात वुल्व्हजविरुद्धच्या सामन्याला ठरलं की, अठराव्या मिनिटाला आत यायचं आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून निघून जायचं. 18 आणि 75, म्हणजे क्लबाचं स्थापनावर्ष. तिकीट काढलं, संघाला पाठिंबा दिला, निषेधही नोंदवला. मला ही युक्ती फार आवडली.

बहिष्काराचा विषय निघालाच आहे तर एक आठवण सांगतो, बहुधा आपल्याला रुचेल. ब्लॅकबर्नच्या गिरण्यांचा मुख्य माल कोणता होता? धोतरं. हिंदुस्थानात खपणारी धोतरं या गावात मागावर चढत. स्वदेशीच्या चळवळीने आणि मंदीने तो धंदा बसला. 1931 च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी मुद्दाम शेजारच्या डार्वेनला जाऊन बेकार गिरणी कामगारांना भेटले, आणि त्या कामगारांनी त्यांचं स्वागत केलं. ईवूड पार्कचं एक टोक आजही डार्वेन एंड म्हणूनच ओळखलं जातं. तिथे बसलेल्यांच्या पणजोबांनी हिंदुस्थानी बहिष्कार सोसला, आणि पणतू हिंदुस्थानी मालकावर बहिष्कार घालतात. आज ब्लॅकबर्न आणि डार्वेन मिळून जी पालिका आहे, तिथले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त लोक दक्षिण आशियाई वंशाचे आहेत. त्यामुळे हा गोऱ्यांचा भारतीयांवरचा राग, असा सोपा अर्थ लावून मोकळं होऊ नये. ‘व्यंकीज आउट’चे फलक धरणाऱ्यांना निजामशाही-पेशवाई ठाऊक नाही, अ‍ॅलर्डाइसला का काढलं एवढंच त्यांना अजून कळायचं आहे.

प्रश्न : न्यूकॅसलमध्ये नावडता मालक गेला आणि क्लबचं नशीब पालटलं म्हणे. मग रोव्हर्सलाही एखादा अरब शेख मिळाला तर?
– एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : गोव्याचा वाचक म्हणजे फुटबॉल आपल्याला आमच्यापेक्षा जास्त कळतं, तेव्हा जपून लिहितो. माइक अ‍ॅशलेने न्यूकॅसल 2007 मध्ये घेतला, 13 कोटी 40 लाख पौंडांना. चौदा वर्षांत संघ दोनदा खालच्या श्रेणीत गेला. सेंट जेम्स पार्क या मैदानाला त्याने आपल्या दुकानांचं नाव चिकटवून पाहिलं, तेही लोकांनी सोसलं. सौदी अरेबियाच्या सरकारी निधीशी व्यवहार 2020 च्या वसंतात ठरला, रखडला, उन्हाळ्यात मोडला, आणि अखेर 7 ऑक्टोबर 2021 रोजी 30 कोटी 50 लाख पौंडांना झाला. त्या संध्याकाळी हजारो लोक मैदानाबाहेर नाचत होते, काही जण तर डोक्याला पंचे गुंडाळून. सौदी सरकार क्लब चालवणार नाही, अशी हमी प्रीमियर लीगने घेतली होती. ॲम्नेस्टीसारख्या संस्थांनी तिच्यावर कोरडे ओढले. 2025 च्या मार्चमध्ये न्यूकॅसलने लिव्हरपूलला हरवून लीग कप जिंकला, देशांतर्गत मोठा करंडक तब्बल 70 वर्षांनी. अ‍ॅशलेचा राग एवढा होता की, त्याच्या जागी कोण येतं हे पाहायला बहुतेकांना सवड नव्हती. मी त्यांना दोष देत नाही, पण त्या नाचात मला सामील होता आलं नसतं.

शेखाला मोठं शहर लागतं, विमानतळ लागतो, भोवती विकायला जमीन लागते. न्यूकॅसलपाशी हे होतं. ब्लॅकबर्नच्या वाट्याला येईल ते मोअरकॅमसारखं काही तरी. त्याच लँकेशायरमधला हा छोटा क्लब 2025 च्या उन्हाळ्यात पगार थकून बंद पडायच्या बेतात होता, लीगने निलंबितही केला होता. ऑगस्टमध्ये पंजाब वॉरियर्स नावाच्या गटाने तो घेतला आणि अश्वीर सिंग जोहाल या तरुण शीख प्रशिक्षकाला व्यवस्थापक नेमलं. भारतीय नाव असलेला मालक तिथे तारणहार ठरला, हे ब्लॅकबर्नच्या वर्तमानपत्रांनीही छापलं असणारच.

प्रश्न : जर्मनीत असं होत नाही असं ऐकतो. इंग्लंडचं सरकार काही करत नाही का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : जर्मनीत बहुतेक क्लबांत मतांचा निम्म्याहून अधिक हिस्सा सभासदांच्या संघटनेकडेच राहावा लागतो, लेव्हरकुझेन, वुल्फ्सबर्ग असे अपवाद आहेत.

इंग्लंडमध्ये 2021 मध्ये बड्या क्लबांचा वेगळी ‘सुपर लीग’ काढायचा डाव फसल्यानंतर माजी मंत्री ट्रेसी क्राउच यांच्या समितीने अहवाल दिला, आणि तिथून रखडत-रखडत जुलै 2025 मध्ये फुटबॉल नियमनाचा कायदा झाला. वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांवर आता स्वतंत्र नियामक बसेल. नवा मालक पैसा कुठून आणतो हे तो तपासेल, आणि चिंतेचं कारण दिसलं तर जुन्यालाही तपासू शकेल. मैदान विकायचं किंवा हलवायचं तर त्याची मंजुरी लागेल. चिन्ह आणि घरच्या शर्टाचे रंग बदलायचे तर चाहत्यांचा पाठिंबा दाखवावा लागेल. रोव्हर्सचा अर्धा निळा, अर्धा पांढरा शर्ट त्यामुळे सुरक्षित झाला. मालकाने वर्षातून एकदा तरी सामन्याला यावं, असं कलम मात्र कायद्यात नाही.